शत्रुंजयाची शिष्टाई : श्री. वीरचंद राघवजी गांधी

अमेरिकेतील शिकागो नगरीत सप्टेंबर १८९३ मध्ये भरलेल्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्माचे प्रतिनिधित्व करणारे तरुण विद्वान म्हणून श्री. वीरचंद राघवजी गांधी यांचे नाव जैन समाजातील लहानथोरांस परिचित आहे. डोक्यावर काठियावाडी पगडी, अंगावर शुभ्र शाल आणि मुखावर गंभीर प्रसन्नता असे त्यांचे छायाचित्र आजवर कितीतरी ग्रंथांतून व स्मरणिकांतून प्रसिद्ध झाले आहे. २००२ साली भारत सरकारच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. शिकागोच्या या कीर्तीचा प्रकाश इतका प्रखर आहे की, त्यापूर्वी सात वर्षे, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी त्यांनी केलेले एक कार्य त्या प्रकाशात झाकोळून गेले. हे कार्य व्यासपीठावर झाले नाही, त्यासाठी टाळ्या पडल्या नाहीत. ते झाले अर्ज, दप्तरे आणि भेटीगाठी यांच्या वाटेने. पालिताणा दरबार आणि जैन संघ यांच्यात पिढ्यान्पिढ्या धुमसत असलेल्या शत्रुंजय तीर्थाच्या वादात १८८६ साली जो समेट झाला, त्याच्या शिल्पकारांत वीरचंदभाईंचे स्थान अग्रभागी आहे.

वीरचंदभाईंचा जन्म २५ ऑगस्ट १८६४ रोजी भावनगर संस्थानातील महुवा या समुद्रकाठच्या गावी झाला. पिता श्री. राघवजी हे व्यापारी आणि धर्मनिष्ठ गृहस्थ होते. महुव्याचे प्राचीन नाव मधुमती. शत्रुंजयाचा तेरावा उद्धार करणारा जावडशा याच मधुमतीचा, अशी परंपरा आहे. महुव्यापासून शत्रुंजय फार दूर नाही. त्यामुळे या गावातील श्रावकाच्या घरात सिद्धाचलाचे नाव आणि त्या तीर्थाच्या अडचणींची चर्चा लहानपणापासून कानी पडणे स्वाभाविक होते. प्राथमिक शिक्षण महुव्यात झाल्यावर ते भावनगरच्या हायस्कुलात गेले. तेथून १८८० मध्ये मॅट्रिकची परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन त्यांनी शिष्यवृत्ती मिळविली आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्रवेश घेतला. १८८४ मध्ये ते बी. ए. ची परीक्षा सन्मानाने उत्तीर्ण झाले. ज्या समाजात इंग्रजी शिक्षणाकडे अद्याप संशयाने पाहिले जात होते, त्या समाजातील हा पहिल्या पदवीधरांपैकी एक. त्यांचा विवाह जीवीबेन यांच्याशी १८७९ मध्येच झाला होता.

मुंबईत १८८२ साली ‘जैन असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली होती. तीर्थांचे रक्षण आणि समाजाची गाऱ्हाणी सरकारदरबारी मांडणे हा तिचा एक प्रमुख हेतू होता. १८८५ मध्ये या संस्थेचे मानद मंत्रिपद वीरचंदभाईंकडे आले. संस्थेत वयाने व धनाने थोर असे अनेक शेठ-सावकार होते. तरीही एकवीस वर्षांच्या तरुणाच्या हाती दप्तर सोपविले गेले, याचे कारण इंग्रजी भाषेवरील प्रभुत्व एवढेच नसावे. कागद शांतपणे वाचणारा आणि समोरच्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकणारा मनुष्य त्यांना हवा होता. त्या वेळी दप्तरातील सर्वांत जाड पुडके पालिताण्याचे होते.

हा वाद समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. शत्रुंजय गिरी पालिताणा गावाच्या माथ्यावर उभा आहे. साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या चढून गेल्यावर शेकडो जिनमंदिरांची नगरी दृष्टीस पडते. सतराव्या शतकात या मुलखात वाटमारीचे भय होते. यात्रेकरूंचे संघ लुटले जात. १६५१ च्या सुमारास अहमदाबादचे नगरशेठ शांतिदास झवेरी यांनी जैन संघाच्या वतीने तेथील गोहेल सरदारांशी ठराव केला. गोहेलांनी यात्रेकरूंची राखण करावी आणि संघाने त्याबद्दल ठरावीक मोबदला द्यावा, असे त्याचे स्वरूप होते. या मोबदल्यास ‘रखोपा’ म्हणतात. पुढे याच शांतिदास शेठांना मोगल बादशहांकडून तीर्थासंबंधी फर्मानेही मिळाली. म्हणजे एकाच डोंगरासंबंधी दोन प्रकारचे कागद तयार झाले. एका कागदाने राखण करणारा ठरला, दुसऱ्या कागदाने तीर्थ ज्याच्या स्वाधीन तो ठरला.

काळ पालटला. मोगल गेले, मराठ्यांचा अंमल आला, त्यानंतर काठियावाडात इंग्रजांची एजन्सी बसली. राखण करणाऱ्यांचे वंशज पालिताण्याचे ठाकोर झाले, त्यांना राजेपण आले. त्यांच्या दृष्टीने डोंगर आपल्या राज्यात आहे, तेव्हा तेथे येणाऱ्यांकडून कर घेणे हा राजाचा अधिकार होता. जैन संघाच्या दृष्टीने तो कर नव्हता, राखणीचा मोबदला होता. तो मागणारा दरबार तीर्थाचा स्वामी नव्हता. एकाच पैशाला दोन नावे होती आणि त्या दोन नावांत सारा तंटा साठलेला होता. दरबाराने ‘रखोपा’ हा शब्द मान्य केला, तर राजेपणास उणेपणा येणार. संघाने ‘कर’ हा शब्द मान्य केला, तर तीर्थावरचा हक्क जाणार. अशा वादात रक्कम कमीजास्त करून भागत नाही, कारण भांडण रकमेचे नसतेच.

इंग्रज अधिकाऱ्यांनी यापूर्वी दोनदा तोड काढून पाहिली होती. १८२१ मध्ये कॅप्टन बार्नवेल यांच्या वेळी वार्षिक ४,००० रुपये ठरले. १८६३ मध्ये मेजर कीटिंज यांनी ही रक्कम १०,००० रुपयांवर नेली आणि काही वर्षांनंतर यात्रेकरूंची मोजणी करून तिचा फेरविचार करण्यास वाट ठेवली. या शेवटच्या तरतुदीने घात केला. ठाकोर सूरसिंहजी यांच्या दरबाराने मोजणीचा आग्रह धरला आणि १८८१ च्या सुमारास ठोक रक्कम बाजूला राहून यात्रेकरूंकडून माणशी दोन रुपये घेण्याचा प्रकार सुरू झाला. गुजरातीत याला ‘मुंडकावेरो’ म्हणतात. मुंडके मोजून घ्यायचा कर.

आजच्या वाचकास दोन रुपये क्षुल्लक वाटतील. त्या काळी सामान्य कुटुंबातील पाचसहा माणसे यात्रेस निघाली, तर ती रक्कम मोठी होई. परंतु खरे शल्य पैशाचे नव्हते. उपवास करून, अनवाणी, मनात आदिनाथांचे स्मरण करीत आलेला यात्रिक डोंगराच्या पायथ्याशी प्रथम मोजला जाई. माणसे मोजून पैसा घ्यायचा म्हटले की कोण बाहेरचा, कोण गावचा, कोण किती वेळा आला, याची विचारपूस आलीच. मोजणाऱ्यास आकडा वाढविण्यात लाभ, मोजल्या जाणाऱ्यास तो कमी दाखविण्यात. वर्षातून एकदा दोन धुरिणांत होणारा वाद आता रोज, प्रत्येक यात्रिक आणि प्रत्येक शिपाई यांच्यात होऊ लागला. तंटा मिटविण्यासाठी केलेली व्यवस्थाच तंट्याचा कारखाना बनली.

संघाची बाजू सांभाळणारी शेठ आणंदजी कल्याणजी ही पेढी होती. १८८० मध्ये अहमदाबादचे नगरशेठ प्रेमाभाई हिमाभाई यांच्या पुढाकाराने गावोगावच्या संघांचे प्रतिनिधी एकत्र येऊन या पेढीचे रीतसर नियम ठरले होते. पेढी अहमदाबादेत, असोसिएशन मुंबईत, दरबार पालिताण्यात, एजन्सी राजकोटात आणि अंतिम निर्णय मुंबईच्या गव्हर्नरांच्या हाती. इतक्या ठिकाणी विखुरलेला हा प्रश्न एका सूत्रात ओवणे हेच पहिले काम होते. वीरचंदभाईंनी जुने करार, सनदा आणि सरकारी पत्रव्यवहार यांचा अभ्यास करून असोसिएशनच्या वतीने प्रकरण मांडण्यास आरंभ केला. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे आणि काठियावाडचे पोलिटिकल एजंट कर्नल वॉटसन यांच्यापुढे त्यांनी संघाचे म्हणणे ठेवले. कर्नल वॉटसन हे कोरे अधिकारी नव्हते. काठियावाडच्या गॅझेटियरचे ते कर्ते, तेथील राजकुळांच्या इतिहासाचे जाणकार. दरबाराचा अभिमान कोठे दुखतो, हे त्यांना ठाऊक होते. संघाचे मन कोठे दुखते, हे सांगणारा जाणता मनुष्य त्यांना वीरचंदभाईंच्या रूपाने लाभला.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. १८८५ मध्ये ठाकोर सूरसिंहजी यांचे निधन झाले आणि मानसिंहजी गादीवर आले. जुन्या भांडणात जुनी माणसे आपल्याच शब्दांनी बांधलेली असतात. नव्या माणसास मागे न सरता नव्या वाटेने जाता येते. ही संधी फार काळ टिकणारी नव्हती. तिचा लाभ घेतला गेला, यात मध्यस्थांची आणि संघाच्या धुरिणांची दूरदृष्टी दिसते.

मार्च १८८६ मध्ये करार झाला. जैन संघाने पालिताणा दरबारास दरसाल १५,००० रुपये द्यावेत. दरबाराने राखणीबद्दल किंवा अन्य कोणत्याही सबबीवर यात्रेकरूंकडून काहीही घेऊ नये. हा ठराव १ एप्रिल १८८६ पासून चाळीस वर्षे चालावा. त्यानंतर उभयतांपैकी कोणीही फेरबदल मागू शकेल आणि तो द्यावा की न द्यावा, याचा निर्णय ब्रिटिश सरकार करील.

करार लहान आहे, पण त्याची रचना पाहण्यासारखी आहे. डोंगराचा स्वामी कोण, या प्रश्नाचे उत्तर या करारात नाही. ते हेतुतः नसावे, असेच वाटते. तो प्रश्न सोडविण्याचा आग्रह धरला असता, तर करार झालाच नसता. दरबारास वार्षिक रक्कम खात्रीने मिळाली आणि ती पूर्वीच्या ठोक रकमेच्या दीडपट होती, त्यामुळे माघार घेतल्याचा कमीपणा आला नाही. संघाने रक्कम वाढवून दिली, पण त्या मोबदल्यात पायथ्यावरची मोजणी कायमची उठविली. पैसा आता पेढीच्या तिजोरीतून वर्षातून एकदा दरबाराच्या तिजोरीत जाणार होता. यात्रिक आणि शिपाई समोरासमोर येण्याचे कारणच उरले नाही. गरीब विधवा असो की लक्षाधीश शेठ असो, दोघांनाही सिद्धाचलाची पहिली पायरी आता सारख्याच मोकळेपणाने चढता येणार होती.

या यशाचे वर्णन करताना पुष्कळदा जैन संघाचा विजय असा शब्द वापरला जातो. तो योग्य नाही. विजय म्हणावयाचा, तर कर पूर्णपणे रद्द व्हावयास हवा होता. तो झाला नाही, उलट संघास पूर्वीपेक्षा अधिक द्यावे लागले. ज्यांना फर्मानांच्या बळावर एक छदामही न देता हक्क मिळावा असे वाटत होते, त्यांना हा करार अपुरा वाटणे साहजिक होते. मध्यस्थीने मिटलेल्या प्रत्येक तंट्याच्या वाट्यास हे असमाधान येते. दोन्ही बाजूंच्या कडव्या मंडळींस आपण थोडे हरलो असे वाटते, म्हणूनच दोन्ही बाजूंच्या सामान्य माणसांस शेजारी म्हणून राहता येते. पालिताण्याचे व्यापारी, डोलीवाले, धर्मशाळांचे नोकर यांचे पोट यात्रेकरूंवर चालत होते. यात्रेकरूंस त्यांच्यावाचून डोंगर चढता येत नव्हता. एकाने दुसऱ्यास नेस्तनाबूत करावे, असा हा संबंधच नव्हता.

हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे की, ही मध्यस्थी दोन समबल पक्षांतील नव्हती आणि मध्यस्थही केवळ सदिच्छेवर अवलंबून नव्हता. पोलिटिकल एजंटामागे सार्वभौम सत्तेचे बळ होते. त्याच्या शब्दाकडे ठाकोरांना दुर्लक्ष करता येत नव्हते. महाभारतातील कृष्णशिष्टाई दुर्योधनाच्या सभेत विफल झाली, कारण ऐकण्याची इच्छाच तेथे नव्हती. पालिताण्यात इच्छा उपजविण्यास सत्तेचा धाक उपयोगी पडला, हे खरे. पण त्यापूर्वीच्या तोडींमागेही तेच बळ होते आणि त्या टिकल्या नाहीत. १८८६ ची तोड टिकली, कारण या वेळी रोजच्या दुखण्यावर बोट ठेवले गेले होते.

आपल्या शास्त्रांत मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य अशा चार भावना सांगितल्या आहेत. तत्त्वार्थसूत्रात माध्यस्थ्य भावनेचे स्थान मोठे मार्मिक आहे. मैत्री सर्व प्राणिमात्रांविषयी, प्रमोद गुणिजनांविषयी, कारुण्य दुःखितांविषयी. आणि माध्यस्थ्य कोणाविषयी? जो आपले ऐकत नाही, प्रतिकूल वागतो, त्याच्याविषयी. म्हणजे ज्याच्याशी आपला विरोध आहे, त्याच्याविषयीच मन मधोमध ठेवावयाचे आहे. वीरचंदभाईंनी हे सूत्र पाठशाळेत घोकले असेलच. दरबाराशी व्यवहार करताना ते त्यांनी आचरणात आणले.

तथापि प्रत्येक तंटा मध्यस्थीनेच मिटावा, असा त्यांचा हट्ट नव्हता. पुढील प्रसंगावरून हे स्पष्ट होते. वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी असलेल्या सम्मेदशिखराच्या पहाडावर १८९१ मध्ये बोडॅम नावाच्या इंग्रजाने डुकरांची चरबी काढण्याचा कारखाना सुरू केला. साऱ्या देशातील जैन समाज हादरला. येथे वीरचंदभाईंनी समेटाची वाट धरली नाही. कारखाना थोडा चालावा, थोडा बंद असावा, अशी तडजोड संभवतच नव्हती. ते कलकत्त्यास गेले, तेथे सहा महिने राहिले, जुने दस्तऐवज स्वतः वाचता यावेत म्हणून बंगाली भाषा शिकले आणि त्या दस्तऐवजांच्या आधारे न्यायालयात दाद मिळविण्यास साह्य केले. कलकत्त्याच्या न्यायासनाचा कौल जैन समाजाच्या बाजूने लागला आणि पहाडावरील ते अमंगल टळले. पालिताण्यास समेट आणि शिखरजीस न्यायालय, या दोन वाटांत विसंगती नाही. ज्यांना उद्याही एकत्र नांदावयाचे आहे, त्यांच्यासाठी समेट. जेथे एका बाजूचे कृत्यच मुळात असह्य आहे, तेथे न्यायासन. हा विवेक पंचविशीच्या आसपासच्या तरुणाने दाखविला.

महाराष्ट्रातील वाचकांस येथे वाशीम जिल्ह्यातील शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ तीर्थ आठवल्यावाचून राहणार नाही. तेथे तर दोन्ही बाजूंस जैन बांधवच होते. पूजेच्या वेळा वाटून घेण्याचा समझोता १९०५ मध्ये झाला होता. तो टिकला नाही. प्रकरण १९२९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, १९८१ पासून मंदिरास कुलूप राहिले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च २०२३ मध्ये ते उघडले. चार दशके एका पिढीस दर्शन मिळाले नाही. कोणाची बाजू न्याय्य होती याचा ऊहापोह करण्याचे हे स्थान नव्हे. पण वेळापत्रक वाटून घेतल्याने रोजचा संबंध तुटत नाही, उलट रोज घड्याळाकडे पाहून एकमेकांस जोखावे लागते, हे शत्रुंजयाच्या करारासमोर हा समझोता ठेवून पाहिले की ध्यानी येते.

१८९० मध्ये वीरचंदभाईंचे पिताजी निवर्तले. मृत्यूनंतर ऊर बडवून मोठ्याने आक्रोश करण्याची जी रूढी त्या काळी समाजात होती, ती त्यांनी आपल्या घरी पाळली नाही. मुंबईत सॉलिसिटरांच्या पेढीत उमेदवारी करीत त्यांनी कायद्याचा अभ्यास चालविला होता. विलायतेहून नुकतेच बॅरिस्टर होऊन आलेले मोहनदास करमचंद गांधी हे १८९२ च्या सुमारास मुंबईत वकिलीचा जम बसवू पाहत होते. वीरचंदभाई त्यांच्याहून पाच वर्षांनी वडील. उभयतांनी मिळून आहाराचे प्रयोग केले आणि हिंदुस्थानी कायद्याच्या अभ्यासातही वीरचंदभाईंची सोबत त्यांना लाभली. याचा उल्लेख महात्माजींनी आपल्या आत्मकथेत केला आहे. पुढे दक्षिण आफ्रिकेत दादा अब्दुल्ला यांच्या दाव्यात महात्माजींनी दोन्ही पक्षांस पंचांपुढे नेऊन समेट घडविला आणि वकिलाचे खरे काम कोणते, हे त्यांना तेथे उमगले. एकाचा प्रभाव दुसऱ्यावर पडला, असे म्हणण्यास आधार नाही. परंतु काठियावाडच्या मातीतील हे दोन तरुण गांधी एका काळी मुंबईत बरोबरीने कायद्याची पुस्तके चाळीत होते, ही गोष्ट मनास सुखविणारी आहे.

शिकागोचे निमंत्रण वस्तुतः आचार्य श्री विजयानंदसूरीश्वरजी, म्हणजेच पूज्य आत्मारामजी महाराज, यांना आले होते. साधूच्या आचारानुसार समुद्रप्रवास शक्य नसल्याने त्यांनी आपले प्रतिनिधी म्हणून वीरचंदभाईंची निवड केली आणि पंजाबात आपल्याजवळ ठेवून घेऊन त्यांची तयारी करून घेतली. येथे मात्र तंटा घरातच उभा राहिला. समुद्र ओलांडल्याने धर्म बुडतो, असे मानणारा मोठा वर्ग समाजात होता. वीरचंदभाईंस संघाबाहेर काढावे, इथपर्यंत बोलणी गेली. आत्मारामजी महाराज त्यांच्या पाठीशी ठाम राहिले. वीरचंदभाई ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईहून निघाले. परदेशातील वास्तव्यात त्यांनी आपला वेष व आहार बदलला नाही. विरोधकांशी वाद घालीत बसण्यापेक्षा त्यांच्या भीतीस आपल्या आचरणाने उत्तर देणे त्यांनी पसंत केले. तरीही परत आल्यावर त्यांना समाजातील रोषास तोंड द्यावे लागले. ज्या समाजासाठी त्यांनी दरबाराशी समेट घडविला, त्याच समाजातील या दोन तटांत समेट घडविणे त्यांच्या हयातीत पूर्णांशाने साधले नाही. घरचे भांडण मिटविण्यास घरचा मध्यस्थ चालत नाही, हेच खरे.

परिषदेतील त्यांच्या भाषणांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे दोनच गोष्टी सांगावयाच्या. तेथे पेंटेकॉस्ट नामक एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने हिंदू मंदिरांतील प्रथांवर कठोर टीका केली. ती जैन धर्मावर नव्हती. वीरचंदभाईंना मौन पाळता आले असते. त्यांनी मौन न पाळता हिंदू समाजाच्या वतीने संयत पण ठाम उत्तर दिले. दुसरी गोष्ट निरोपाच्या दिवसाची. हत्ती आणि आंधळे यांची, आपल्या पाठशाळांतील मुलांच्या तोंडी असलेली कथा त्यांनी जगातील धर्मपंडितांच्या सभेत सांगितली. हत्ती पाहण्याचा दावा करणारे सर्वच तेथे जमले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या निवडीतील मिस्कीलपणा आणि धीटपणा कळून येतो.

त्यानंतर अमेरिका व इंग्लंड येथे त्यांनी शेकडो व्याख्याने दिली. हिंदी स्त्रियांच्या शिक्षणासाठी अमेरिकेत संस्था उभारली. १८९६-९७ च्या दुष्काळात तेथून हिंदुस्थानासाठी धान्याचे जहाज आणि रोख मदत पाठविण्याच्या कामी ते पुढे होते. लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यासही झाला. शरीराने मात्र या श्रमांस साथ दिली नाही. १९०१ मध्ये ते प्रकृती खालावलेल्या स्थितीत मायदेशी परतले आणि ७ ऑगस्ट १९०१ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. वयाची सदतीस वर्षे पूर्ण होण्यास अठरा दिवस बाकी होते.

त्या दिवशी शत्रुंजयाच्या करारास पंधरा वर्षे झाली होती आणि पंचवीस वर्षे उरली होती. तीर्थावरील वर्तनाबद्दल, मर्यादांबद्दल दरबार आणि संघ यांच्यात पुढेही कुरबुरी झाल्या. पण रकमेचा प्रश्न उभयतांपैकी कोणीही मुदत संपेपर्यंत उघडला नाही. ३१ मार्च १९२६ रोजी मुदत संपली. करारातील तरतुदीप्रमाणे दरबाराने फेरबदल मागितला. या वेळी निर्णय देणारे अधिकारीही योगायोगाने वॉटसन याच नावाचे होते, मात्र ते दुसरे. त्यांनी वार्षिक एक लाख रुपये ठरविले. हा निर्णय समेटाने झाला नव्हता, वरून उतरला होता. जैन संघाने शत्रुंजयाची यात्राच बंद केली. दोन वर्षे सिद्धाचल यात्रेकरूंवाचून राहिला. पालिताण्याचे बाजार ओस पडले. पायथ्याशी मोजण्यासाठी माणूसच येईना. अखेर १९२८ च्या मे महिन्यात व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी सिमल्यास ठाकोरसाहेब व जैन प्रतिनिधी यांना समोरासमोर बसविले. संघाच्या बाजूने शेठ कस्तुरभाई लालभाई प्रभृती धुरीण होते. वार्षिक ६०,००० रुपये आणि मुदत पस्तीस वर्षे, असे ठरले. यात्रेकरूंकडून पायथ्याशी काही घ्यावयाचे नाही, हे १८८६ चे सूत्र तसेच राहिले.

ही पस्तीस वर्षे पुरी व्हावयाची होती १९६३ साली. तत्पूर्वीच १९४८ मध्ये पालिताणा संस्थान सौराष्ट्रात विलीन झाले आणि रखोप्याची रक्कम देण्याचे कारण उरले नाही.